कोंडाजीची कच्ची शिवण

फार मागची गोष्ट. सावरनाळेच्या पायथ्याशी कोंडाजी सनगर राहत होता. घोंगड्या विणायचा. त्याला एकच मुलगी, चिमी.

नाळ म्हणजे डोंगराच्या चिरेतून वर जाणारी उभी वाट. गावातल्या बाया त्या वाटेनं घाटमाथ्यावर मीठ नेत आणि धान्य घेऊन उतरत. चढणीला दोन्ही हात हवेत, आणि एक तर डोक्यावरच्या पाटीला लागायचा. चिमीही त्यांच्यातच जायची. म्हणून कोंडाजीनं पाठीवर घ्यायची पिशवी करायला घेतली.

पहिली घोंगडीची केली. ती दवानं भिजून जड झाली. मग घायपाताच्या वाखाची विणली, तर बंद खांद्यात रुतले. त्यानं बंद रुंद केले, आत लोकर भरली. कमरेला पट्टा लावला, तसा खांद्यावरचा भार कमरेवर आला. आकार राहावा म्हणून आत घातलेल्या बांबूच्या कांबी काढून टाकल्या. शेवटी ती इतकी हलकी झाली, की गवताच्या पात्यावर ठेवली तरी पातं वाकत नसे, असं म्हणतात.

बाया हसायच्या. "कोंडाजीबाबा, बांधून ठेवा हो तिला, नाहीतर घार नेईल!"

निघायच्या दिवशी एका म्हातारीनं आपलं मीठ चिमीच्या पिशवीत ओतलं. मग दुसरीनं.

"टाका, टाका," कोंडाजी कौतुकानं म्हणाला. "पिशवीला वजनच नाही. जमेल ना गं, चिमे?"

"जमेल की, बाबा."

मिठाला वजन असतं, हे त्या कौतुकात कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

नाळेत धुकं उतरलं. मीठ ते धुकं पीत गेलं आणि जड होत गेलं. चिमीच्या पाठीवर सबंध समुद्र चढून बसला, असं म्हणतात. माथा हाताशी आला असताना तिचा पाय सरकला, आणि ओझ्यानं तिला मागं ओढलं.

बायांनी तिचा देह खाली आणला. पिशवीही आणली. कोंडाजीनं ती चाचपून पाहिली. एक टाकाही उसवला नव्हता.

"उसवायचं होतंस गं," तो पिशवीला म्हणाला. "एवढं तरी करायचं होतंस."

मग त्यानं तळाची पक्की शिवण काढली आणि कच्च्या सुतानं घातली. माणसाला पेलेल तेवढंच ती धरायची, जास्त झालं की तुटायची. घराघरासाठी त्यानं तशी पिशवी शिवली. शेवटची देऊन झाली, तसा तो नाळेत चढला. माथ्यावर तो कोणाला दिसला नाही, खालीही आला नाही. धुक्यानं त्याला अलगद उचललं, असं म्हणतात. मला खात्री देता येत नाही, पण तसंच झालं असावं असं फार वाटतं.

आता मीठ गाडीनं जातं. पण हिरडा वेचायला नाळ चढणारे आजही पिशवीचा तळ कच्च्या सुतानंच शिवतात. त्याला कोंडाजीची शिवण म्हणतात. कधी ती भर वाटेत तुटते, सगळा हिरडा दरीत घरंगळतो. कोणी बोल लावत नाही. बरोबरचे थांबतात, त्या माणसाला दगडावर बसवतात, पाणी देतात आणि म्हणतात, "जाऊ दे. चिमीनं उतरवून घेतलं."