सारंगीचे वरचे सूर

गाणी अजून घरात जपून ठेवली जात, त्या काळची ही गोष्ट. मोरेश्वरराव नावाच्या संग्राहकाच्या कपाटात सारंगीच्या एका मैफलीची सीडी होती, आणि शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच मैफलीची डाउनलोड केलेली फाइल.

दोघींचं रोज भांडण. "मला हातात धरता येतं. तुझं काय धरणार?" सीडी म्हणायची.

"माझ्यावर चरा पडत नाही. तू तुझं अंग सांभाळ," फाइल म्हणायची.

जी जास्त टिकेल तीच ठेवायची, असं मोरेश्वररावांनी ठरवलं होतं. तोवर सीडी लावायची नाही, कारण चरा पडेल. आणि फाइल ऐकायची नाही, कारण सीडीवर अन्याय होईल. "एकदा निकाल लागला की निवांत ऐकू," असं म्हणता म्हणता तीस वर्षं गेली.

शेवटी एका रविवारी त्यांनी सीडी लावली. सारंगी वर चढली आणि त्यांचा चेहरा उतरला. "वरचे सूरच उडालेत. गेली ही." मग फाइल लावली. तिथेही तेच.

"अहो, मला एक चरा नाही!" सीडी कळवळली.

"खरं बोलतेय ती! माझाही एक सूर हललेला नाही!" फाइल म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं होतं.

मोरेश्वररावांनी सीडी मोडून केरात टाकली आणि फाइल डिलीट केली.

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी शरयूताईंनी हाक मारली, "अहो, बंद का केलंत? काय सुरेख वर गेली होती सारंगी! पुन्हा लावा ना."

मोरेश्वररावांना तेही ऐकू आलं नाही.