बारा गाड्यांचा मालक

फार पूर्वी, वाटांना अजून नावं पडली नव्हती त्या काळी, एका घाटाच्या पायथ्याशी बाजाराचं गाव होतं. तिथे दोघे जण बैलगाड्या भाड्याने देत. एक वरच्या आळीत राही, दुसरा खालच्या आळीत.

वरच्या आळीतल्याकडे गाड्या तीनच, त्याही जुन्या. गाडी देताना तो चुन्याची वाटी घेऊन गिऱ्हाइकाबरोबर गाडीभोवती फिरे आणि प्रत्येक भेगेवर चुन्याचं बोट लावी. "ही माझी. याहून जास्त भेग आली, तर ती तुमची," एवढंच म्हणे. गाडी परत आली की दोघं मिळून पाहत. भांडण कधी झालं नाही.

खालच्या आळीतल्याकडे बारा गाड्या होत्या, पण त्याचे डोळे सदा वरच्या आळीकडे. तिथे माणसं ताटकळत उभी दिसली की याचा जळफळाट होई.

"जेवताय की त्याची गिऱ्हाइकं मोजताय?" बायको विचारी.

"देवीचे वण असावेत तशा त्याच्या गाड्या! लोकांना त्यात दिसतं तरी काय?"

शेवटी त्याने ठरवलं, आपल्या गाड्यांवर एकही डाग दिसता कामा नये. लाख वितळवून, तीत लाकडाचा भुसा कालवून त्याने सगळ्या भेगा बुजवल्या आणि वरून तेल चोळलं. गाड्या नव्यासारख्या चमकू लागल्या. गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळली.

एक कुंभारीण त्याची गाडी घेऊन बाजाराला गेली. तारण म्हणून तिने तांब्याचा हंडा ठेवला होता. दिवसभराच्या उन्हाने आणि धक्क्यांनी लाख गळून पडली आणि चाकाची भेग उघडी झाली.

"चाक फोडलंस! हंडा विसर आता," गाडी परत येताच तो म्हणाला.

"अहो मालक, मी मडकी नेली, धोंडे नव्हे. मडकं एक फुटलं नाही आणि चाक फुटलं?"

"मग नेताना भेग कुठे होती, ते दाखव!"

ती काय दाखवणार? हंडा गेला. पुढे अशाच आणखी कित्येकांच्या वस्तू त्याच्या घरात अडकल्या. वरच्या आळीकडे पाहून तो आता मिशीत हसे.

मग त्याच्या लेकीला सातवा महिना लागला. बाळंतपणासाठी तिला घाटापलीकडून माहेरी आणायचं होतं.

"धड गाडी जुंपा," बायको म्हणाली. "उतार वाईट आहे. चाक मोडलं तर दोन जीव जातील."

तो गाड्यांपाशी गेला. एकेका चाकावरून, एकेका आखावरून हात फिरवला. सगळं गुळगुळीत. कुठली भेग कुठे होती, किती खोल होती, त्याचं त्यालाच आठवेना.

भर बाजारातून चालत तो वरच्या आळीला गेला आणि मान खाली घालून गाडी मागितली. वरच्या आळीतल्याने चुन्याची वाटी घेऊन त्याला गाडीभोवती फिरवलं. गाडी दिली.

लेक सुखरूप आली. उतरता उतरता तिने विचारलं, "बाबा, आपल्या बारा गाड्या असताना ही कुणाची?"

भोवती गावातली माणसं उभी होती. तीही उत्तराची वाट पाहत होती. तो वळून बैल सोडू लागला, आणि त्याचाच त्याच्या गाड्यांवर भरवसा नाही हे सगळ्यांना कळलं.

त्यानंतर त्याच्या दारी गाडी मागायला कुणी आलं नाही. ज्यांच्या वस्तू अडकल्या होत्या ते मात्र एकेक करून आले आणि आपापली वस्तू घेऊन गेले.

लहानांनो आणि थोरांनो, दुसऱ्याच्या मत्सरापोटी जो आपले दोष जगापासून लपवतो, त्याला एक दिवस ते स्वतःलाही सापडत नाहीत.