मागच्या फळीवरचं नाव

केरबा मिस्त्रींचा तोरा मोठा. ‘अस्सल सागवान’ म्हणत ते प्रत्येक कपाटाच्या दर्शनी चौकटीवर स्वतःचं नाव कोरत. गिरजामावशींच्या कपाटावर नाव घालायला ते आळीतल्या चारचौघांसमोर पटाशी घेऊन बसले, तशी मावशींनी कपाट फिरवायला लावलं.

“मिस्त्री, नाव या मागच्या फळीवर कोरा.”

“मागे कशाला, मावशी? तिथं कोण बघतंय?”

“असंच म्हणून तुम्ही तिथं आंब्याची फळी रंगवून ठोकलीत ना? मग घाला की तिच्यावर नाव!”

केरबांचे कान तापले. पटाशी काही उचलवेना. खाली मान घालून त्यांनी फळीचे खिळे उपटले आणि सागाची फळी आणायला निघाले.

त्यानंतर केरबांच्या कपाटावरचं नाव वाचायचं, तर कपाट भिंतीपासून सरकवावं लागतं.