देवराईचं पांघरूण

देवराया गावांपेक्षा मोठ्या होत्या, त्या काळची गोष्ट. तेव्हा खराटा उजळ माथ्याने अंगणात मिरवायचा.

एकदा जत्रेआधी भिवा गुरवाने त्याला देवराईत नेलं. "देवाच्या दारात एवढा पाचोळा बरा दिसतो का?" गुरव म्हणाला.

"छे! माती कशी लख्ख दिसली पाहिजे," म्हणत खराटा कामावर तुटून पडला. पाचोळ्याखालचं गांडूळ ओरडलं, "अरे, आमचं घर तेच, आणि जेवणही तेच!"

"घर कसलं? कचरा आहे कचरा!" खराट्याने ढीग लावला, गुरवाने तो पेटवला. कित्येक पावसाळ्यांचा साठा तासाभरात धूर होऊन गेला. लोकांनी वाखाणलं, मग रोजच झाडलोट सुरू झाली. माती चोपून, सारवून खळ्यासारखी केली.

तीन वर्षांत तिथे भूछत्रं उगवेनाशी झाली. गांडुळं गेली, म्हणून त्यांच्यासाठी येणारी पाखरंही गेली. पावसाचं पाणी मुरेना, आणि जुना बेहडा शेंड्याकडून वाळत चालला.

एका सकाळी झाडायला एकही पान नव्हतं. खराटा बेहड्यापाशी थबकला. "आजोबा, चुकलो. पण पहिल्याच दिवशी मला रागावला का नाहीत?"

"तू पांघरूण काढलंस ना, तेव्हा मला वाटलं," बेहडा म्हणाला, "झटकून परत घालशील."

खराटा मान खाली घालून घरी परतला. तेव्हापासून तो दाराआड उभा असतो. पाहुणे आले की लोक त्याला आणखी आत सारतात, आणि तो अंग चोरून घेतो.