रानकोपऱ्यातली घोणस

एका मोठ्या शहरात एक शाळा होती. तिला चार मजले होते, दोन जिने होते, पंधराशे मुलं होती. माती मात्र कुठेच नव्हती. मैदान सिमेंटचं, अंगण फरशीचं, आणि झाड म्हणाल तर भिंतीवर रंगवलेलं.

त्या शाळेत दिघे बाई नावाच्या एक शिक्षिका आल्या. पानाच्या शिरा शिकवताना त्यांनी विचारलं, "कुणी कुणी पान हातात घेऊन उजेडात धरलंय?" वर्गात तीनच हात वर झाले. त्याच दिवशी बाईंनी मुख्याध्यापिकांकडे मागच्या अंगणाचा एक कोपरा मागून घेतला. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणायची. त्यांनी होकार दिला, फरशी उखडली गेली, आणि मुलांनी पिशवी-पिशवीने माती आणली. करंज, तुती, अडुळसा, कढीपत्ता लागला. कुठेतरी पडलेल्या झाडाचा एक ओंडका बसायला आणून ठेवला. तीन वर्षांत तिथे सावली झाली, आणि सावलीमागून पाखरं आली. मुलं त्या जागेला रानकोपरा म्हणू लागली.

पाचवीचा वर्ग दर गुरुवारी तिथे दहा मिनिटं एक शब्द न बोलता बसायचा. काय दिसलं, काय ऐकू आलं, ते वहीत लिहायचा. गोदा नावाच्या मुलीची वही सगळ्यांत जाड झाली होती.

पण काही पालकांना धास्ती वाटत होती. संस्थेचे अध्यक्ष मनाने वाईट नव्हते. पंधराशे पोरांची जबाबदारी आपल्या माथ्यावर आहे, हे ते क्षणभरही विसरत नसत. पालकसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "रानकोपरा राहू दे. पण एक साप, एक विंचू जरी तिथे निघाला, तरी दुसऱ्या दिवशी फरशी घालणार. मग कुणी माझ्याकडे रडत यायचं नाही."

हा नियम सगळ्या मुलांना पाठ झाला.

थंडीचे दिवस होते. एका गुरुवारी दिघे बाई रजेवर होत्या. मधल्या सुट्टीत गोदा आणि तिची मैत्रीण शबाना रानकोपऱ्यात विसरलेली वही आणायला गेल्या. तिथे फांदीवर सातभाई पाखरं नुसती कलकलत होती.

गोदा थबकली. "शबाना, थांब जरा."

"मांजर असेल गं."

"मांजर असलं की ते चालत राहतं, मग हे पण या फांदीवरून त्या फांदीवर जातात. आज सगळे एकाच जागी बसलेत. सगळ्यांच्या माना खाली."

गोदाने पाखरांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. ओंडक्याच्या कडेला उन्हाच्या कवडशात वाळलेला पाचोळा पडला होता. ती पाहत राहिली. आणि तिच्या लक्षात आलं, की त्या पाचोळ्याचा एक भाग हळूहळू फुगतोय आणि बसतोय. पाचोळा श्वास घेत होता. मग त्यावरचे गोल गोल, साखळीसारखे डाग दिसले.

"घोणस," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. दिघे बाईंनी तक्त्यावर दाखवली होती. चावली तर माणूस वाचेल याची खात्री नसते, असंही सांगितलं होतं.

दोघी पाय न आपटता एकेक पाऊल मागे आल्या. जिन्यापाशी येताच शबानाने गोदाचं मनगट घट्ट धरलं.

"गोदे, तुला काही दिसलं नाही. मलाही नाही."

"अगं, पण..."

"उद्या फरशी घालतील! तीन वर्षं आपण माती वाहिली. उद्या दिघे बाई येतील, त्यांना गुपचूप सांगू. त्या काहीतरी करतील. तोवर आज तिथे कोण जाणार आहे?"

गोदाला ते पटलं. खरं तर तिला ते पटवून घ्यायचं होतं. घंटा झाली आणि दोघी वर्गात गेल्या.

सुट्टीनंतरचा पहिला तास संपून गणिताचा सुरू झाला, पण गोदाच्या डोळ्यांपुढे तो पाचोळाच फुगत आणि बसत होता. तिने खिडकीतून खाली पाहिलं. पहिलीची मुलं एकमेकांचा हात धरून, रांगेने अंगणातून चालली होती. प्रत्येकाच्या हातात कागदाची पिशवी होती. पानं गोळा करायचा तास होता त्यांचा. रांगेच्या मागे मोठ्या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी साक्षात अध्यक्ष. वर्षातून एकदा ते शाळा पाहायला येत. ते नेमके आजच आले होते.

शबानानेही पाहिलं. "जा, सांग गांधीलमाश्यांचं पोळं आहे म्हणून," ती कुजबुजली. "तेवढ्याने थांबतील."

गोदाने क्षणभर विचार केला. गांधीलमाश्या म्हटलं की शिपाईकाका काठी घेऊन येतील आणि नेमके त्या पाचोळ्यातच पाय देतील. अर्धं खोटं बोलून कुणाचा तरी जीवच जायचा.

ती उठली. सरांना विचारलंही नाही. दोन मजले ती कशी उतरली ते तिला कळलं नाही. मागून सरांची हाक येत होती. अंगणात ती पोचली, तेव्हा रांग रानकोपऱ्याच्या तोंडाशी मोडली होती. एक चिमुरडी सगळ्यांच्या पुढे धावली होती आणि ओंडक्यापाशी वाकून लालसर पान उचलायला हात पुढे करत होती.

"थांबा!" गोदा ओरडली. "बाई, तिला मागे ओढा! ओंडक्यापाशी घोणस आहे!"

पहिलीच्या बाईंनी क्षणात त्या मुलीचा दंड धरून तिला मागे खेचलं. त्याच वेळी पाचोळ्यातून कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार आला. मुलांच्या हातातल्या पिशव्या गळून पडल्या. कुणीतरी रडायला लागलं.

"सगळे मागे. हळू. पळायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी एकेक मूल मोजून आत नेलं.

शिपाईकाका काठी घेऊन आले. गोदा त्यांना आडवी आली. "काका, नका. काठीने चुकली तर ती कुठेही शिरेल. आपण लांबून नजर ठेवू. दिसतेय तोवर भीती नाही."

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं आणि शिपायाला हाताने थांबवलं. सर्पमित्राला फोन गेला. तो येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. चाळीस मिनिटं चार माणसं आणि एक मुलगी त्या एका वेटोळ्यावर नजर रोखून उभी होती. शेवटी सर्पमित्र आला. लांब आकड्याने त्याने घोणस अलगद पिशवीला लावलेल्या पाइपाच्या तोंडाशी आणली, ती पिशवीत गेली आणि पिशवीचं तोंड बांधलं गेलं.

अध्यक्षांनी घाम पुसला. "सगळी मुलं सुखरूप आहेत, हे महत्त्वाचं. बाकी ठरलं ते ठरलं," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "उद्या सकाळी माणसं येतील."

बातमी वर्गात पोचायला वेळ लागला नाही. गोदा बाकावर येऊन बसली, तेव्हा तिच्या शेजारची मुलं सरकून बसली. मागून कुणीतरी म्हणालं, "चोंबडी! हिच्यामुळे गेला आपला रानकोपरा." शबाना खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि गोदाला तेच सगळ्यांत जास्त लागलं.

खाली सर्पमित्र मात्र अजून गेला नव्हता. तो जमीन न्याहाळत फिरत होता.

"आता काय शोधताय?" अध्यक्षांनी विचारलं.

"ही आली कुठून ते, साहेब. घोणस उंदरांमागून येते. या कोपऱ्यात तर उंदराचं बीळ दिसत नाही."

माग काढत तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे फरशीवर, पहिलीच्या वर्गाच्या मागच्या दारापाशी, मोडके बाक, फुटकी कपाटं आणि जुन्या वह्यांचे गठ्ठे वर्षानुवर्षं पडून होते. त्याने आकड्याने एक फळी उचलली. खाली फुटक्या फरशीच्या फटींत उंदरांची बिळंच बिळं होती. आणि फळीला चिकटून घोणशीची कात लोंबत होती.

"राहते इथे," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले असतील. तिकडे नुसती ऊन खायला गेली होती."

अध्यक्षांनी कात पाहिली, मग शेजारचं दार पाहिलं. पहिलीची मुलं रोज याच दारातून ये-जा करत. त्यांनी विचारलं, "आणि तिकडे मी फरशी घातली तर?"

"साप फरशीवरूनही चालतो, साहेब. फक्त तिथे ओरडून सांगायला पाखरं नसतात."

अध्यक्षांनी गोदाला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावून घेतलं. ती दारात उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"तुला ती कधी दिसली?"

गोदाने मान खाली घातली. "मधल्या सुट्टीत."

"म्हणजे तासभर आधी! आणि तू तेव्हा सांगितलं नाहीस?"

"नाही." ती म्हणाली. "सांगितलं असतं तर फरशी घातली असती. म्हणून गप्प बसले. नंतर पहिलीची मुलं दिसली. सर, ती छोटी वाकली होती. मी अजून दोन मिनिटं गप्प बसले असते तर..."

अध्यक्ष रागावतील असं मोठ्या बाईंना वाटलं. पण ते खुर्चीत मागे टेकले.

"तुझं चुकलं," ते म्हणाले. "पण तुझ्या आधी माझं चुकलं. मी नियम केला मुलांना वाचवायला, आणि त्याच नियमाने तुझं तोंड एक तास बांधून ठेवलं. जा, वर्गात जा."

फरशीबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी फाटकातून ट्रक आत आला. मुलांची रांग विस्कटली. पाचवीतली काही मुलं रडू लागली. ट्रक मागच्या अंगणाकडे वळला. गोदाने डोळे मिटून घेतले. इतक्यात कुणाचा तरी हात तिच्या हातात आला. शबाना होती.

"गोदे, डोळे उघड. ट्रक रिकामा आहे."

खरंच रिकामा होता. माणसं उतरली आणि मोडके बाक, कपाटं, गठ्ठे ट्रकात भरू लागली. दुपारपर्यंत ती सगळी अडगळ गेली, बिळं बुजवली गेली. दिघे बाई हजर झाल्या होत्या. त्यांनी मुलांना घेऊन ओंडका भिंतीपासून दूर मोकळ्यावर आणला, बसायच्या जागेवरचा पाचोळा झाडून एका कडेला लावला, आणि आत पाऊल टाकण्याआधी थांबून पाहायची सवय सगळ्या वर्गांना लावायची असं ठरवलं.

शनिवारी अध्यक्षांनी पालकसभा बोलावली. गोदाच्या तोंडून ऐकलेलं सगळं त्यांनी काही न लपवता सांगितलं. एक पालक उठून म्हणाले, "पण तुमचा शब्द होता!"

"होता. तो चुकीचा होता," अध्यक्ष म्हणाले. "नवा नियम ऐका. शाळेत कुठेही धोका दिसला, तर मुलांनी लगेच सांगायचं. सांगणाऱ्याचं काहीही काढून घेतलं जाणार नाही. हा शब्द मी मोडला, तर मला या खुर्चीवरून काढा."

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर मुलांची रांग लागली. त्यांना वाटलं, सगळे सापाच्याच गोष्टी सांगायला आलेत. पण चौथीतला एकजण म्हणाला, "बाई, प्रयोगशाळेतल्या बटणाला हात लावला की झटका बसतो. आम्ही सांगितलं नाही, कारण मग प्रयोगच बंद करतील." एक मुलगी म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरचा कठडा हलतो. सांगितलं असतं तर तिथे उभं राहू दिलं नसतं." आणि रांगेतला सगळ्यांत शेवटचा, दुसरीतला मुलगा, सगळे जाईपर्यंत थांबला. मग दार लोटून अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, बसमधले एक काका मला त्रास देतात."

मोठ्या बाईंनी त्याला जवळ घेतलं आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

तात्पर्य: खरं सांगणाऱ्यालाच जिथे किंमत मोजावी लागते, तिथे संकटं लपून वाढतात; मुलांना निर्भयपणे बोलू द्यावं, म्हणजे वेळेवर कळतं आणि जीव वाचतात.