महाराज उभे राहिले

"गुरुवारी सामना. हरलात तर बाजार कायमचा उठला!" अशी दवंडी करंजगडात पिटली गेली आणि गावाने कपाळाला हात लावला.

झालं होतं असं, की अमृतसिंह महाराज विलायतेहून परतताना बास्केटबॉल नावाचा खेळ घेऊन आले. दुसरे राजे तिकडून काही शिकून येतात, आमचे चेंडू घेऊन आले. राजवाड्यामागे हवं तेवढं मोकळं रान पडलं होतं, पण महाराजांच्या मनात भरला तो गावचा बाजारतळ. तिथे त्यांनी दोन खांब रोवले, वर टोपल्या बांधल्या आणि ही जागा आता आमची म्हणून हट्ट धरला. गाव हातापाया पडलं, तेव्हा मोठ्या उदारपणे हुकूम सुटला, की आमच्या संघाला हरवा आणि बाजार ठेवा.

नियम महाराजांनीच केले, तेही 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं' या चालीवर. दोन्हीकडे पाच-पाच गडी. सरकारी गडी दमला की बदली गडी हजर, त्यासाठी दहा शिपाई रांगेत बसवलेले. गावाला बदली गडी नाही, आणि चारच उरले तर गाव हरलं. ज्याला रक्त येईल त्याने मैदान सोडायचं. मात्र कोणत्याही बाजूच्या विसाव्यात रक्त थांबलं, तर तो खेळू शकेल. ही सवलत अर्थात शिपायांची नाजूक कातडी बघून ठेवलेली.

विसावा प्रत्येक बाजूला एकच, तोही बुडाला भोक पाडलेली वाटी घंगाळात बुडेपर्यंत. गावाने विसावा हात जोडून मागायचा. सरकारी संघाने मागायचा म्हणजे इभ्रत जाणार! म्हणून महाराज आसनावरून नुसते उभे राहिले, की सरकारी विसावा झाला असं समजून पंच नेमलेल्या दिवाणांनी शिट्टी फुंकायची आणि वाटी पाण्यात सोडायची.

गुरुवारी सगळं गाव तळावर लोटलं. गावाचा विसावा सुरुवातीलाच एकाच्या पायात गोळा आला त्यात संपला. तरी शिदू लोहार एकटा सरकारी संघाला पुरून उरला. ताडमाड गडी, हात वर केला की टोपलीलाच लागायचा. खेळ संपत आला तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या, आणि नेमकं तेव्हाच एका शिपायाचं कोपर शिदूच्या भुवईवर बसलं. दिवाणांना कोपर दिसलं नाही. रक्त मात्र लगेच दिसलं.

"रक्त! गडी बाद!" दिवाण ओरडले.

तेवढ्यात गर्दीतून येसू पुढे आली. ही गावच्या न्हाव्याची लेक. तिच्या बापाचा वस्तरा बाजाराच्या दिवशी चालायचा तेव्हा कुठे आठवडाभर घरची चूल पेटायची. बाजार उठला तर या घराने खायचं काय, याचा विचार ना महाराजांनी केला होता, ना दिवाणांनी. येसूच्या हातात तुरटीचा खडा होता. एवढंसं रक्त मी आत्ता थांबवते, ती म्हणाली.

महाराजांना गंमत वाटली. गरिबाची फजिती बघायला त्यांना नेहमीच वेळ असे. "थांबव की. गडी राहू दे मैदानात. पण खेळ थांबणार नाही, आणि धावत्या गड्याला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही. आम्ही शंभर मोजतो. तोवर रक्त थांबलं नाही, तर बाजार गेला!"

दरबारी मंडळी पोट धरधरून हसली. तसं हसण्याचाच त्यांना पगार होता.

खेळ सुरू झाला. महाराज स्वतः मोजू लागले. शिदू धावत होता आणि धावण्याने रक्त आणखीच वाहत होतं. येसू मात्र त्याच्याकडे गेलीच नाही. ती चालत गेली थेट महाराजांच्या तीन पायऱ्यांच्या आसनाकडे. पोरीला वेड लागलं, असं लोक आपसात बोलू लागले.

महाराज साठापर्यंत पोचले तेव्हा तिने मुजरा केला. "सरकार, एक शंका होती. गावात वाद चाललाय. कुणी म्हणतं, सरकार उंचीला शिदूच्या खांद्याला लागतील. कुणी म्हणतं, कोपराला. बसल्या माणसाचं काही कळत नाही."

महाराज अंगाने बेताचेच होते आणि हे त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"कोपराला? आम्ही?" असं म्हणत ते ताडकन उभे राहिले.

दिवाणांनी शिट्टी फुंकली. ते विचार करत नसत, शिट्टीच फुंकत. वाटी पाण्यात पडली, गडी जागच्या जागी थांबले आणि येसू शांतपणे शिदूकडे गेली. तिने जखम पुसली, तुरटी दाबून धरली, वर फडक्याची पट्टी बांधली. महाराजांनी घाईघाईने बसून पाहिलं, पण सरकारी विसावा सुरू झाला तो झाला. वाटी बुडाली तेव्हा रक्त थांबलेलं होतं. पुढच्याच चेंडूला शिदूने टोपली साधली आणि सामना गावाने जिंकला.

महाराज पुन्हा उठले.

"आम्हाला कोपराएवढं म्हणणारा कोण?" ते गरजले. "नाव सांग, नाहीतर तुझी जीभ छाटतो."

"नाव कुणाचं सांगू, सरकार? पाहिलंय कुणी? म्हणून तर वाद मिटत नाही," येसू म्हणाली. "सरकार उभे राहिले की सगळं गाव मान खाली घालतं. आम्हाला सरकारचे जोडे तेवढे ठाऊक आहेत!"

महाराजांनी सभोवार पाहिलं. हजार माणसं उभी होती आणि एकाचीही मान वर नव्हती. दिवाणसुद्धा जोड्यांकडेच बघत होते. महाराजांच्या ओठांचा कोपरा हलला, मग पोट हलू लागलं, आणि ते इतके हसले की त्यांना पायरीवर टेकावं लागलं. त्यांनी दोन्ही खांब राजवाड्यामागच्या रानात हलवायचा हुकूम दिला, हातातलं सोन्याचं कडं येसूला दिलं, आणि दिवाणांच्या गळ्यातली शिट्टी काढून तीही तिच्याच हातावर ठेवली.