राखेच्या पांघरुणातली नाव

ऐका मंडळी, ऐका! फार फार मागे, समुद्राकाठच्या एका राज्यात मोठी धांदल उडाली होती. समोरच्या बेटावर चाळीस घरं, आणि आठ दिवसांनी येणारं उधाण बेट गिळणार होतं! बेटाभोवती असे अणकुचीदार खडक, की लाकडी होडी गेली की फुटलीच. म्हणून राजाने लोखंडी नाव करायला सांगितली.

डावी बाजू भैरू लोहाराकडे, उजवी म्हाताऱ्या लोहारणीकडे, तुळाक्काकडे.

भैरूचा हात काय सांगू! दोन पत्रे भिडवले, विस्तवाने सांधले, की वर घागरभर पाणी. छन्न! वाफेचा लोट उठला की लोक टाळ्या पिटायचे. लाल लोखंड पाण्याने विझवायचं, ही लोहारांची पिढीजात सवय. कोयत्याची धार त्यानेच कडक होते ना!

तुळाक्का आधी पत्र्यांच्या कडा शेकून घ्यायची. मग मधून सुरुवात करून थोडं इकडे, थोडं तिकडे सांधायची. वर गरम राख पसरायची, गोणपाट टाकायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही.

राजा चिडला. "आक्का, बेटावर तुझीच लेक आहे ना? मग अशी गोगलगाय का झालीस?"

"लेक आहे म्हणूनच, महाराज."

चौथ्या दिवशी भैरूची बाजू तयार! तो मिशीला पीळ देत गावभर हिंडला. पण पाचव्या दिवशी सकाळी, कुणी बोटसुद्धा लावलेलं नसताना, टण्ण! सांध्याशेजारी वीतभर तडा. मग दुसरा. मग तिसरा!

भैरू मटकन खाली बसला. "आक्का, मी माणसं बुडवली गं!"

"अजून कुणी बुडालं नाही. ऊठ! कोयता कडक लागतो बाबा, पण सांध्याला लवचिकपणा लागतो. एकदम निववलास, तो आतल्या आत ताणला गेला. आता तडे वरून लिंपू नकोस, मुळापर्यंत खरवडून काढ."

आणि मग काय मजा झाली म्हणता! दोघांनी मिळून तडे खरवडले, कडा शेकून पुन्हा सांधल्या आणि दोन्ही बाजू जोडल्या. गावातल्या बायका घरोघरच्या चुलींची ऊन राख टोपल्यांतून घेऊन धावल्या. सगळी नाव राखेखाली झोपली. भैरू पाण्याची घागर लाथेने लांब सारून, राखेवर पहारा देत बसला.

आठव्या दिवशी नाव निघाली! खडकांवर धडाधड आपटली, एकही सांधा उकलला नाही. उधाण चढायच्या आत चाळीसही घरांतली माणसं काठाला उतरली. तुळाक्काची लेक उडी मारूनच आली आणि आईच्या गळ्यात पडली.

"आये, केवढी गं राख तुझ्या अंगावर!"

"राहू दे," म्हणत तुळाक्का हसता हसता रडली. भैरू अजून नावेच्या पोटाला कान लावून होता, आणि आतून एकही 'टण्ण' ऐकू येईना म्हणून आनंदाने जागच्या जागी नाचत होता.

म्हणून सांगते, पोरांनो आणि थोरांनो: जोडायला जेवढं कसब लागतं, तेवढाच जोडलेलं निवू द्यायला धीर लागतो.